माहितीपटावर मत मांडायचं कसं: पाहण्यापासून लिहिण्यापर्यंत

"विषय फार महत्त्वाचा आहे, प्रत्येकाने एकदा तरी पाहायलाच हवा." माहितीपटाबद्दल हे मत इतक्यांदा ऐकू येतं की ते द्यायला माहितीपट पाहावाच लागत नाही, पोस्टर वाचलं तरी भागतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, नदीचं प्रदूषण, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या गायिकेचं आयुष्य हे विषय महत्त्वाचे आहेतच. पण त्यावरचा चित्रपट ढिसाळ असू शकतो, एकांगी असू शकतो, क्वचित चक्क खोटाही असू शकतो. उलट गल्लीतल्या छत्री दुरुस्त करणाऱ्यावरचा वीस मिनिटांचा लघुपट अव्वल निघू शकतो. म्हणून नव्याने मत मांडू पाहणाऱ्याने आधी ही गुंतागुंत सोडवून घ्यावी: विषय वेगळा, चित्रपट वेगळा आणि चित्रपट जे खरं म्हणून सांगतो ते तिसरंच. या तिन्हींबद्दल तुमचं मत वेगवेगळं असू शकतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच असतं.

पाहण्याआधी दहा मिनिटं

वहीच्या पानावर वरच्या बाजूला सहा गोष्टी लिहा: नाव, दिग्दर्शक, प्रदर्शनाचं साल, चित्रीकरणाचा काळ, लांबी मिनिटांत आणि पैसा कोणाचा. पहिल्या तीन कुठेही मिळतात. घोळ पुढच्या तिघांत होतो.

प्रदर्शनाचं साल आणि चित्रीकरणाचा काळ एकच धरू नका. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' पाहताना त्यातली अयोध्या १९९० मधली आहे, बाबरी मशीद पडायच्या आधीची, हे ध्यानात नसेल तर अर्ध्या मुलाखतींचा अर्थच बदलतो. त्यात बोलणारी माणसं ६ डिसेंबर १९९२ ला काय होणार हे जाणत नव्हती; आपण जाणतो. त्याच दिग्दर्शकाच्या 'जय भीम कॉम्रेड'ची (२०११) सुरुवात १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारापासून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून होते, आणि चित्रीकरण पुढे चौदा वर्षं चाललं. चौदा वर्षांत एखादा कार्यकर्ता, एखादं कलापथक कुठल्या कुठे गेलं हे तो चित्रपट दाखवू शकतो, तो याच कारणाने. तीन आठवड्यांत चित्रित झालेल्या माहितीपटाकडून ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं ठरेल, आणि चौदा वर्षांच्या कामाला तीन आठवड्यांच्या मापाने मोजणंही.

लांबी लिहायची कारण एकाच माहितीपटाच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या फिरत असतात. महोत्सवात ९० मिनिटांची आणि दूरचित्रवाणीसाठी ५२ मिनिटांची, ही पद्धत जगभर आहे. छोटी आवृत्ती पाहून "अमुक पात्र अर्धवट सोडलंय" असं लिहिलं की ज्याने मोठी पाहिली तो तुम्हाला खोटं पाडतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पैशाचं उत्तर शेवटच्या श्रेयनामावलीत मिळतं. म्हणून नावं वर सरकायला लागली की उठू नका. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सरकारने सुरू केलं. धरणं, कुटुंबनियोजन, पंचवार्षिक योजना यांवर त्यांनी काढलेल्या असंख्य लघुपटांत सरकारचा सूर असणारच, आणि त्याच छपराखाली काही दिग्दर्शकांनी तो सूर मोडूनही दाखवला. आज हाच प्रश्न खेळाडू आणि गायकांच्या चरित्रपटांना विचारावा लागतो. निर्मात्यांच्या यादीत खुद्द त्या गायकाचीच कंपनी असेल तर तो माहितीपट लांबलेली जाहिरात असण्याची शक्यता गृहीत धरा. शक्यता म्हणतो आहोत. निकाल चित्रपट पाहून द्या.

ट्रेलर आणि इतरांची परीक्षणं मात्र या टप्प्यावर टाळा. दुसऱ्याचं एखादं चपखल वाक्य डोक्यात बसलं की तेच आपलं मत वाटू लागतं.

पाहताना

वेग साधा ठेवा. दीडपट वेगाने माहिती मिळते, पण माणूस उत्तर देण्याआधी किती वेळ गप्प बसला ते हातचं जातं, आणि माहितीपटात बरंचसं त्या गप्प बसण्यातच असतं. घरी पाहत असाल तर हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर मागचा आवाज, म्हणजे रस्ता, पंखा, दूरची अजान, कुकरची शिट्टी, सगळं सपाट होऊन जातं.

टिपणं घ्या, पण कमी. नव्वद मिनिटांना बारा ते पंधरा टिपणं पुरेत. याहून जास्त लिहिलंत तर चित्रपट पाहायचा राहतो. याहून कमी असतील तर दोन दिवसांनी हाताशी फक्त "छान होतं" एवढंच उरतं. प्रत्येक टिपणाला वेळ लिहा (उदा. ४१:२०), दिसलं ते एका ओळीत आणि त्यापुढे आपल्याला काय झालं ते दोन शब्दांत. "४१:२० – आई भांडी घासते, कॅमेरा दाराबाहेर – अवघडलो." बस. थिएटरच्या अंधारात मोठ्या अक्षरात लिहा, एका पानावर दोनच टिपणं. बारीक ओळींवर ओळी चढतात आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागत नाही. फोनच्या उजेडात टिपणं घेणाऱ्याला मागच्या रांगेतून शिव्या बसतात, त्या रास्तच आहेत.

पुढच्या जागा चुकवू नका: पहिली पाच मिनिटं, शेवटची पाच मिनिटं, संगीत जिथे पहिल्यांदा येतं ती जागा, जिथे तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत ती जागा, आणि जिथे घशात आवंढा आला ती जागा. शेवटच्या दोन सर्वांत मोलाच्या. कंटाळा आणि गहिवर दोन्ही कुणीतरी संकलनाच्या टेबलावर घडवलेले असतात. ते कसे घडवले हे शोधणं हेच पुढचं काम.

हा माहितीपट कोणत्या जातकुळीचा

सगळे माहितीपट एकाच पद्धतीने बोलत नाहीत, आणि नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथे होते. कुठे निवेदकाचा आवाज आपल्याला हाताला धरून नेतो. कुठे निवेदन अजिबात नसतं, मुलाखतही नसते, कॅमेरा फक्त बसून राहतो. कुठे दिग्दर्शक स्वतः चौकटीत येऊन भांडतो. तर कुठे पत्रं, जुनी चित्रफीत आणि कल्पित आवाज यांची वीण असते. पायल कपाडिया यांच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'मध्ये (२०२१) पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या २०१५ च्या संपाची खरी दृश्यं आहेत, पण धागा आहे तो एका कल्पित विद्यार्थिनीच्या पत्रांचा. "संपाच्या मागण्या नीट सांगितल्याच नाहीत" ही या चित्रपटाबद्दलची तक्रार म्हणजे भावगीताच्या कार्यक्रमाला जाऊन बातम्या मागण्यासारखं.

तेव्हा मत मांडण्याआधी एक वाक्य स्वतःशी पुरं करा: "हा चित्रपट मला ... करू पाहतो आहे." समजावून देऊ, सोबत नेऊ, चिडवू, पटवू, आठवण करून देऊ. त्या जागी जे क्रियापद बसेल त्याच मापाने चित्रपट मोजा. पटवू पाहणाऱ्याला पुरावा मागा. सोबत नेणाऱ्याला विचारा की सोबत टिकली का.

पुरावा: इथे जास्त वेळ द्या

माहितीपटात दिसणारी प्रत्येक गोष्ट चारपैकी एका खणात पडते. कॅमेऱ्यासमोर घडलेलं; कुणीतरी सांगितलेलं; जुनं फुटेज किंवा फोटो; आणि नट घेऊन, किंवा त्याच माणसांना पुन्हा करायला लावून, उभं केलेलं. टिपणांतल्या प्रत्येक महत्त्वाच्या दृश्यापुढे घ, स, ज, उ असं अक्षर टाका. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला तुम्ही 'पाहिलं' म्हणत होता त्यातलं बरंचसं 'ऐकलेलं' निघतं.

चौथा खण बदनाम आहे, पण आपोआप वाईट नाही. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये (१९२२) नायकाचं नाव नानूक नव्हतं, ते अलाकारियालाक होतं. बर्फाच्या घरात आत पुरेसा उजेड मिळेना म्हणून चित्रीकरणासाठी अर्धवट उघडं घर बांधलं. बंदुका वापरात आलेल्या असताना भाल्याची जुनी शिकार करून दाखवायला सांगितली. आजच्या मापाने ही फसवणूक वाटते, तरी कॅमेऱ्यापुढचं थंडगार कष्टाचं आयुष्य खोटं नव्हतं. डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस'ची (१९५८) गोष्ट वेगळी: लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवण्यासाठी प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून पाण्यात लोटण्यात आले. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि तो गैरसमज अजून जिवंत आहे. तिसरीकडे एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन'मध्ये (१९८८) एका पोलिसाचा खून पुन्हा पुन्हा उभा केला आहे, दर वेळी वेगळ्या साक्षीप्रमाणे, आणि त्यातूनच साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे उघडं पडतं. शिक्षा भोगणारा माणूस दुसऱ्याच वर्षी सुटला.

तर विचारायचा प्रश्न "प्रसंग उभा केला का?" हा नाही. "उभा केलाय हे प्रेक्षकाला कळतं का, आणि उभा केल्याने काय सिद्ध करायचा प्रयत्न आहे?" हा आहे. २०२१ च्या 'रोडरनर'वर वाद झाला तो याच मुद्द्यावर. दिवंगत अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी लिहिलेली पण कधी न बोललेली काही वाक्यं संगणकाने तयार केलेल्या त्यांच्याच आवाजात वाजली आणि चित्रपटात ते सांगितलं नव्हतं. वाक्यं त्यांचीच होती, आवाज नव्हता. यापुढे हा प्रश्न प्रत्येक चरित्रपटाला विचारावा लागणार.

जुनं फुटेज तपासायला खास साधनं लागत नाहीत, डोळे लागतात. चित्र थांबवा आणि मागचं वाचा: पाट्या, सिनेमाची पोस्टरं, गाड्यांची मॉडेलं. निवेदक सत्तरचं दशक म्हणतोय आणि दुकानाच्या पाटीवर दहा आकडी मोबाइल नंबर आहे, तर ते फुटेज त्या काळातलं नाही. मुंबईच्या दृश्यांत स्थानकाची पाटी उपयोगी पडते: व्ही.टी.चं छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये झालं, 'महाराज' २०१७ मध्ये जोडलं गेलं. मात्र मराठी पाटीवर 'मुंबई' दिसलं म्हणून फुटेज १९९५ नंतरचं ठरवू नका. त्या वर्षी बदललं ते शहराचं इंग्रजी नाव. मराठीत ते आधीपासून मुंबईच. पूर, दंगल, दुष्काळ यांची दृश्यं एका वर्षाची दुसऱ्या वर्षाला चिकटवण्याचा प्रकार सर्रास चालतो. कधी लबाडीने, बहुतेक वेळा घाईत.

आता आकडे आणि दावे. सगळे तपासायला बसलात तर महिना जाईल. तीन निवडा: ज्यावर चित्रपटाचा सगळा डोलारा उभा आहे असा एक, ज्याने तुम्हाला धक्का बसला असा एक, आणि सहज बोलून गेलेला एक. तिसरा आवर्जून घ्या. दिग्दर्शकाची शिस्त बारीक गोष्टीत कळते. मूळ ठिकाणी जा: जनगणना, न्यायालयाचा निकाल, विधिमंडळातलं उत्तर, त्या तारखेचं वर्तमानपत्र. ज्या लेखात त्याच माहितीपटाचा हवाला दिलाय तो लेख पुरावा होत नाही. ते एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत भरणं झालं. एका दाव्याला अर्धा तास द्या. नाही सापडलं तर "याचा आधार चित्रपटात दिलेला नाही" इतकंच लिहा. "खोटं आहे" लिहायला उलटा पुरावा हवा.

आणि जे दाखवलंच नाही ते? 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (२०१२) पाहणाऱ्याची अशी समजूत होते की रॉड्रिग्ज हा गायक दक्षिण आफ्रिकेबाहेर कुणालाच ठाऊक नव्हता. तो ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता आणि १९७९ आणि १९८१ मध्ये तिथे दौरे करून आला होता. हे चित्रपटात नाही, कारण ते घातलं तर गोष्टीतली हवा जाते. एकही वाक्य खोटं न बोलता चित्र चुकीचं उभं करता येतं, त्याचा हा नमुना. वगळलेलं शोधायची सोपी युक्ती अशी: विषयावरचा एखादा जुना, चित्रपट येण्याआधीचा लेख वाचा आणि त्यातलं काय चित्रपटात नाही ते पाहा.

कापलेलं कुठे कापलंय

मुलाखतीत माणूस बोलतोय, आणि मध्येच चेहरा जाऊन त्याचे हात, खिडकी किंवा भिंतीवरचा फोटो दिसतो. आवाज चालूच. कधी ते नुसतं डोळ्यांना विसावा म्हणून असतं, पण पुष्कळदा तिथे वाक्य कापून दुसऱ्याशी जोडलेलं असतं आणि चेहरा ठेवला तर उडी दिसली असती, म्हणून वर दुसरं चित्र टाकतात. जोड असणं गुन्हा नव्हे. दोन तासांची मुलाखत चार मिनिटांत बसवायची तर कापावंच लागतं. पण सर्वांत स्फोटक वाक्य नेमकं अशा जोडावर आलं असेल तर वहीत खूण करा आणि त्या एका वाक्यावर आपलं मत उभं करू नका. हेडफोनमध्ये जोड ऐकूही येतो: मागचा पंख्याचा आवाज अचानक बदलतो, किंवा श्वास अर्धवट तुटतो.

संगीताची परीक्षा याहून सोपी. जिथे आवंढा आला ती दोन मिनिटं आवाज बंद करून पुन्हा पाहा. चित्रात अजूनही ताकद असेल तर ती दिग्दर्शकाची. काहीच उरलं नाही तर ती व्हायोलिनची.

सबटायटलच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाची बाजू वरचढ असते. महाराष्ट्रात घडणाऱ्या माहितीपटावर परदेशी समीक्षक लिहितो तो फक्त सबटायटल वाचून. तुम्हाला मूळ ऐकू येतं: बोलणारा कोणत्या भागातला, कुणाला 'साहेब' म्हणतो आणि कुणाला अरेतुरे करतो, शाहिराच्या ओळीतला टोमणा सबटायटलमध्ये पोहोचला की वाटेत मेला. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा महाराष्ट्रातल्या जत्रांतल्या तंबूतल्या सिनेमावरचा माहितीपट कान महोत्सवात गाजला. पण जत्रेत पुकारा करून गर्दी ओढणाऱ्याच्या आवाजातला ठसका ज्याने जत्रा पाहिली आहे त्यालाच नेमका कळतो. हे मतात लिहा. इतर कुणी ते लिहू शकत नाही.

समोरच्या माणसांचं काय

कथापटातला नट पैसे घेऊन घरी जातो. माहितीपटातला माणूस त्याच गल्लीत राहतो, आणि शेजाऱ्यांनीही चित्रपट पाहिलेला असतो. त्यामुळे काही प्रश्न विचारावेच लागतात. रडणाऱ्या माणसावर कॅमेरा किती वेळ राहिला? लहान मुलाचा चेहरा दाखवणं खरंच गरजेचं होतं का? गरीब माणसं नुसती 'गावकरी' आणि तज्ज्ञ तेवढे नावानिशी, असा प्रकार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोजून देता येतं: पडद्यावर नावाची पट्टी कुणाकुणाला मिळाली त्यावर रेघा मारा.

'हमारा शहर' (१९८५) या मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावरच्या माहितीपटात एक बाई दिग्दर्शकालाच फैलावर घेते: आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय? तो भाग कापला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो ठेवला, यातून त्या चित्रपटाच्या प्रामाणिकपणाबद्दल दहा मुलाखतींपेक्षा जास्त कळतं.

चित्रपट आल्यानंतर त्यातली माणसं काय म्हणाली तेही शोधा. 'रायटिंग विथ फायर'ला (२०२१) ऑस्करचं नामांकन मिळालं आणि मार्च २०२२ मध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, ज्यांच्यावर तो आहे त्या 'खबर लहरिया' या ग्रामीण महिलांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेने जाहीर निवेदन काढलं: चित्रपट प्रभावी आहे, पण आमच्या कामाचा एकच भाग दाखवून चित्र अपुरं राहिलं आहे. यामुळे चित्रपट वाईट ठरत नाही. पण हे निवेदन ठाऊक नसताना लिहिलेलं मत लंगडं राहतं. पाहिल्यानंतर, लिहिण्याआधी, एवढा एक शोध घ्याच.

लिहायला बसल्यावर

पाहिल्यावर एक रात्र जाऊ द्या, पण दोन दिवसांपेक्षा जास्त नको. साधारण साडेतीनशे ते साडेचारशे शब्द. त्यात गोष्ट सांगण्यासाठी शंभरच्या वर शब्द घालवू नका. उरलेले दोन दृश्यं जवळून दाखवायला, एक खोट सांगायला, आणि हा चित्रपट कुणी पाहावा, कुणी टाळावा ते सांगायला. दृश्यं दोनच. पाच दृश्यांची यादी झाली की कुठलंच दिसत नाही.

"छायाचित्रण अप्रतिम आहे" हे वाक्य कुठल्याही चित्रपटावर चिकटवता येतं, म्हणून ते फुकट. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांवर आहे. त्याबद्दल असं लिहून पाहा: "घारींवरचा चित्रपट सुरू होतो तो उंदरांपासून. रात्रीचा उकिरडा, कॅमेरा जमिनीला टेकलेला आणि अतिशय सावकाश सरकणारा. आभाळात पाहण्याआधी दिग्दर्शक आपल्याला शहराच्या तळाशी बसवतो, आणि मग वर घिरट्या घालणारी घार तिथला कचरा खाऊन जगते हे वेगळं सांगावं लागत नाही." इथे 'सुंदर' शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला छायाचित्रणाची जात कळली. पद्धत एवढीच: काय दिसलं, कॅमेरा कुठे होता, त्याने काय साधलं. तीन वाक्यं.

मराठी परीक्षणांतली काही विशेषणं वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत: अंतर्मुख करणारा, डोळ्यांत अंजन घालणारा, सुन्न करणारा, विदारक वास्तव मांडणारा. एखादा चुकून आलाच तर स्वतःला विचारा, अंतर्मुख होऊन नेमका कोणता विचार आला? तो लिहा आणि विशेषण खोडा. विचार आलाच नसेल तर तेही कळतं.

खोट सांगताना नेमकी जागा द्या. "मध्यंतरानंतर रेंगाळतो" पेक्षा "तिसऱ्या मुलाखतीनंतर नवी माहिती येत नाही, तरी आणखी चार मुलाखती आहेत" हे दिग्दर्शकाच्याही उपयोगाचं. 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२) हा मुदुमलाईच्या हत्ती कॅम्पातल्या जोडप्यावरचा चाळीसेक मिनिटांचा ऑस्करविजेता लघुपट. हत्तीचं पिल्लू गोड आहे हे कुणीही सांगेल. अनाथ पिल्लू कॅम्पात का येतं, रानात हत्तींची वाट कुणी अडवली, यावर त्या चाळीस मिनिटांत किती वेळ खर्च झाला ते मोजून सांगितलंत तर तुमच्या मताला काही वजन येईल. नाही पटलं तरी समोरच्याला वाद घालायला हातात काहीतरी मिळतं.

रहस्य फोडायचं की नाही हा प्रश्न माहितीपटालाही असतो. इतिहासात घडून गेलेली आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायला हरकत नाही. पण चित्रपटाची रचनाच शोधावर उभी असेल तर शोधाचं उत्तर सांगू नका.

तारे किंवा गुण द्यायचेच असतील तर एकत्र देऊ नका. सुरुवातीला म्हटलेल्या तिन्ही गोष्टींपैकी विषयाला गुण नाहीतच. चित्रपटाला एक आकडा, त्यातल्या दाव्यांच्या भरवशाला दुसरा. पाचपैकी चार आणि पाचपैकी दोन असं आलं तरी बिचकू नका. पुष्कळ गाजलेल्या माहितीपटांचं खरं प्रगतिपुस्तक असंच निघतं.

राजकीय माहितीपटावर लिहिताना आणखी एक कसोटी लावा: आपल्याला न पटणाऱ्या बाजूने, याच तंत्राने, इतक्याच पुराव्यावर चित्रपट काढला असता तर आपण तो मान्य केला असता का? उत्तर 'नाही' असेल तर तुम्हाला आवडलाय तो पक्ष, चित्रपट नाही. याचा अर्थ दिग्दर्शकाने बाजू घेऊ नये असा नव्हे. बाजू घेणारे उत्तम माहितीपट भरपूर आहेत. 'दोन्ही बाजू दाखवल्या नाहीत' ही टीका आळशीपणाने केली जाते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तराची संधी दिली का, एवढं पाहिलं तरी बस.

चार लोकांत बोलायचं असेल

फिल्म सोसायटीत किंवा महोत्सवात चित्रपटानंतर चर्चा असते. तिथे तीन मिनिटं पुष्कळ. एक दृश्य, त्याबद्दल एक मत, एक प्रश्न. दिग्दर्शक समोर असेल तर प्रश्न आधी आणि मत नंतर, कारण मत आधी सुरू केलं की प्रश्नापर्यंत माइक हातात राहत नाही. 'तुम्हाला हा विषय कसा सुचला?' हा प्रश्न त्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. 'त्या घरात दुसऱ्यांदा गेलात तेव्हा मुलगी दिसत नाही, ती का?' असा, चित्रपटातून उगवलेला प्रश्न विचारला की उत्तरही तयार घोटलेलं येत नाही. एखादा दावा चुकीचा वाटत असेल तर भर सभेत "हे खोटं आहे" म्हणून उठण्यापेक्षा "हा आकडा कुठून घेतला?" एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर तुम्ही शिकता, नाही मिळालं तर सभागृहाला कळतं.

पहिला सराव

थेट तीन तासांचा माहितीपट घेऊ नका. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) हा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट घ्या. वीस मिनिटांच्या आत संपतो. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलं विसाव्या वर्षी देशाबद्दल काय बोलतात, एवढाच विषय. एकदा सलग पाहा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा पाहताना कोण इंग्रजीत बोलतं आणि कोण नाही, कोण कुठे बसून किंवा उभं राहून बोलतं याच्या रेघा मारा. आशेने बोलणाऱ्याच्या पाठोपाठ कुणाला ठेवलंय ते पाहा. हा सरकारी पैशाने निघालेला चित्रपट आहे हे लक्षात ठेवून, सरकारला न आवडणारं वाक्य कोणतं आणि ते कितव्या मिनिटाला येतं, ते शोधा. मग दीडशे शब्दांत मत लिहा, त्यात एकच दृश्य घ्या, आणि लिहून झाल्यावर विषयाबद्दलची वाक्यं खोडून टाका. तीन-चार वाक्यं तरी शिल्लक राहिली पाहिजेत. एकही राहिलं नाही तर लघुपट तिसऱ्यांदा लावा.